पीडी मॅडमचा मार

कमलबाई महिला कॉलेजच्या ग्राउंडवर सकाळी पोरींना मार पडायचा, तेव्हा पलीकडच्या तुरीच्या रानातल्या बायका खुरपं थांबवून बघत बसायच्या. आधी त्यांना वाटलं, शिक्षा चालली आहे. मग कळलं, खेळ आहे. मग त्या आपसात पैजा लावू लागल्या, आज कोण पडतंय म्हणून.

मार म्हणजे असा. कडब्याचं भुसकट ठासून भरलेली दोन पोती. बास्केटच्या दोन्ही अंगांना एकेक दांडगी पोरगी पोतं छातीशी धरून उभी. मधून तिसरी चेंडू घेऊन धावत येणार, दोन पावलं टाकून उडणार, आणि ती हवेत असतानाच दोन्ही पोती तिच्या बरगड्यांवर आदळणार. चेंडू रिंगमध्ये गेला तर ठीक. नाही गेला तर शिवकन्या मॅडमच्या हातातली सायकलची ट्यूब सपकन पोटरीवर.

"डोळे रिंगवर! पोत्याकडं कामून बघायलीस? पोतं काय नवरा हाय व्हय तुझा?"

पोरी हसायच्या. हसता हसता एखादी रडायची. पण कॉलेज सोडून कुणी जात नव्हतं, आणि टीममधून तर नाहीच नाही.

"मार चुकवायचा न्हाई," शिवकन्या सांगायची. "चुकवायला गेलीस की नजर हलती. हात डोक्यावर गेले की चेंडू गेला. मार खायचा अन् शूट मारायचा." ती स्वतः अशीच शिकली होती. युनिव्हर्सिटीकडून खेळायची तेव्हा तिचे सर शिट्टीच्या दोरीनं मारायचे, आणि ज्या दिवशी मारत नसत त्या दिवशी तिला वाटायचं, आपल्यात काही दम राहिला नाही म्हणून सरांनी नाद सोडला.

पाहुणा चार दिवस गोड, असं म्हणतात. शिवकन्या या कॉलेजात इतकी वर्षं पाहुणी होती, की तिच्या हाताखालून गेलेल्या पोरी दुसरीकडं पक्क्या नोकरीला लागून, लग्न होऊन, जाड झाल्या होत्या. कागदावर ती 'अतिथी' क्रीडा संचालक, लोकांच्या तोंडी पीडी मॅडम, फिजिकल डायरेक्टरचं पीडी. दर उन्हाळ्यात तिची नोकरी संपायची, आणि शाळा-कॉलेजं उघडली की पुन्हा सुरू व्हायची. मधल्या दिवसांत ती आईच्या घरी हुमनाबादला पापड लाटायची. नवऱ्यानं तिला सोडलं की तिनं नवऱ्याला, यावर गावात दोन मतं होती. तिचं स्वतःचं मत कुणी विचारलं नव्हतं.

कॉलेजचे अध्यक्ष जगदेवप्पा. आईच्या नावानं कॉलेज काढलेला माणूस, त्यामुळं कॉलेजवर त्यांचा मुलासारखा हक्क. ते या वर्षी म्हणाले होते, "शिवकन्या, झोनलचा कप आण. तुझी पक्की नेमणूक मी स्वतः बेंगळुरूला जाऊन करून आणतो. पण एक बघ, कॉलेजच्या नावाला बोट लागू देऊ नको."

"बोट कामून लागंल, अप्पा?"

"न्हाई, म्हटलं आपलं."

कप आणायचा तर अंजूवर आणायचा होता.

अंजू निर्णा गावची. उंच, हाडाची, जिन्यावरून उतरतानासुद्धा उडी मारणारी. तिला कॉलेजात घालायला बाप आला नव्हता, मोठा भाऊ बालाजी आला होता. तुरीचा व्यापार करणारा, तोंडात गोड, दोन्ही हात जोडून उभा. आपल्या मुलखात पोर मास्तराच्या हवाली करताना जे म्हणतात तेच तो म्हणाला, आणि दखनीतच म्हणाला: "मॅडम, हड्डी हमारी, चमडी तुमारी."

हाडं आमची राहू द्या, कातडं तुमचं, हवं तसं सोला. शिवकन्येला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. इतक्या विश्वासानं कोण कुणाला आपली पोर देतं? आईबाप फीबद्दल कुरकुरतात, चड्डीबद्दल कुरकुरतात. हा म्हणतो, घ्या. संक्रांतीला त्यानं ज्वारीचं पोतं घरी पोचतं केलं. ती ज्वारी संपली, आणि पोतं ग्राउंडवर आलं.

पहिली दोन वर्षं बालाजी खूश होता. स्पोर्ट्स कोट्यातून पोलिसात नाही तर रेल्वेत लागेल, हा हिशोब. मग उदगीरकडचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. मुलाच्या मामानं मोबाईलवर अंजूच्या मॅचचा व्हिडिओ बघितला आणि विचारलं, "पोरगी अशीच हिंडती व्हय, अर्ध्या चड्डीवर?"

त्या दिवसापासून घरात बालाजीचा पट्टा निघाला.

हे शिवकन्येला पुढं कळलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं, की एका सकाळी सामानाच्या खोलीत अंजू जर्सी बदलत होती, आणि तिच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत निळंजांभळं पडलं होतं. शिवकन्या दारात थांबली. मग पोतं धरणाऱ्या पोरींना हाक मारून म्हणाली, "शाब्बास गं! आता कुठं पोतं बसायलंय बघा. असंच पाहिजे."

अंजूनं घाईनं जर्सी खाली ओढली.

"दुखायलंय?"

"न्हाई, मॅडम."

"मग चल, फ्री थ्रो मार."

घरी अंजूची आई तेल लावताना म्हणायची, ही पीडी मॅडम बाई हाय का कसाई. ग्राउंडवर पीडी मॅडम म्हणायची, पोतं छान बसलं. दोघींच्या मधल्या जागेत बालाजीचा पट्टा निवांत चालत होता. त्याला कुणी काही विचारायचं कारणच नव्हतं. उत्तर आधीच तयार होतं.

*

झोनलची फायनल कलबुर्गीला होती. लोकांच्या तोंडी ते अजून गुलबर्गाच. समोर भार्गवीची टीम. भार्गवी शिवकन्येच्या अगदी पहिल्या पोरींपैकी, आता तिथल्या एका मोठ्या कॉलेजात पक्की पीडी, चष्मा, स्कूटर, पेन्शन, सगळं. ती धावत येऊन पाया पडली.

"अक्का, वाळलात की हो."

"तू माझ्या वाट्याचं बी खायलीस न्हवं, मग?"

दोघी पायरीवर बसून चहा प्यायल्या. समोर पोरी गरम होत होत्या. भार्गवी बराच वेळ अंजूकडं बघत होती.

"अजून पोती हाईत का, अक्का?"

"हाईत की. पोती बदलली, भुसकट तेच."

"मी न्हाई मारत पोरींना."

"म्हणून तर मागच्या साली हरलीस."

भार्गवी हसली, पण बोलायची थांबली नाही. "तुमच्या पोरी मार खाऊन उठत्यात, अक्का, ते खरं. पण मार चुकवत न्हाईत. मी बी चुकवत नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा सासूनं उलथनं फेकलं, तर मी उभीच राहिले बघा. बाजूला सरकायचं असतंय, हे ध्यानातच आलं न्हाई." तिनं केस मागं करून कपाळाच्या कडेची जुनी खूण दाखवली. जणू पाटल्यांचा नवा घाट दाखवत होती.

शिवकन्येनं चहाचा कप खाली ठेवला. "चल, वेळ झाला," म्हणाली.

मॅच सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला रक्त आलं. भार्गवीच्या पोरी चपळ होत्या, पाण्यासारख्या सटकायच्या. कमलबाई कॉलेजच्या पोरी भिंतीसारख्या. भिंतीला पाणी धडकलं की जे होतं ते झालं. एकीच्या नाकाचं हाड कोपरानं मोडलं. तिला बाहेर नेताना पांढऱ्या रेषेवर थेंब पडत गेले आणि एक शिपाई फडकं घेऊन ते पुसत मागं मागं चालला. अंजूचा ओठ फाटला. तिनं रक्त गिळलं आणि पुढच्या वेळी तिघींच्या अंगावरून चढून चेंडू आत घातला. खाली पडली ती पाठीवर, असा आवाज आला की प्रेक्षकांतल्या पोरांनी 'अयाया' केलं. ती उठली.

शिवकन्या ओरडत होती. कानडीत, मराठीत, दखनीत, जे तोंडात येईल त्यात. तिच्या अंगावर काटा आला होता. एवढ्या वर्षांत पोटात जे भूक-भूक करत होतं, ते आज चरत होतं. असा आनंद, की ज्याची थोडी लाज वाटावी. स्कोअर पुढं-मागं होत होता. तिला डोळ्यांपुढं कागद दिसत होता, त्यावर 'अतिथी' हा शब्द नसलेला.

शेवटचा क्वार्टर संपत आला तेव्हा अंजूला फाऊल मिळाला. दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले तर कप जवळपास आपला. सगळ्या पोरी ओळीनं उभ्या राहिल्या. अंजूनं चेंडू तीनदा आपटला, गुडघे वाकवले, नजर रिंगवर लावली.

तेवढ्यात शिवकन्येला दिसलं, की कुणीतरी चपला घालून कोर्टवर आलंय.

तिच्या मनात पहिला विचार खरंच हाच आला: चपला घालून कोण हे येडं? मग तिनं चेहरा बघितला. बालाजी. आज त्याच्या घरी उदगीरचे पाहुणे आले होते, सुपारी फोडायला. अंजूनं मॅडमला सांगितलं होतं की घरच्यांची परवानगी आहे, आणि घरी काहीच न सांगता पहाटेच्या बसमध्ये चढली होती. बालाजी पाहुण्यांना चहावर बसवून जीप मारत आला होता.

"घरात पाहुणे बसलेत, अन् तू हितं मांड्या दावायलीस?"

अंजूनं आवाज ओळखला. ओळखलाच. तिची मान एवढीशी ताठ झाली. पण वळली नाही. नजर रिंगवर.

बालाजीनं स्कोअर लिहिणाऱ्याच्या खालची लोखंडी खुर्ची ओढली. तो बिचारा पडता पडता वाचला. खुर्ची घडी झाली, बालाजीनं ती दोन्ही हातांनी उचलली, आणि अंजूचे हात चेंडू सोडायला वर गेले त्याच क्षणी ती तिच्या डोक्यात घातली.

चेंडू आत गेला की नाही, कुणी बघितलं नाही.

अंजू गुडघ्यावर आली. कानाच्या वरून रक्त सुटलं, गळ्यावरून जर्सीच्या नंबरवर आलं. ती तशीच गुडघ्यावर, ताठ, डोळे वर. तिनं डोकं झाकलं नाही. सरकली नाही. दुसरा घाव येताना तिला दिसत होता. खुर्ची वर गेली, बालाजीनं श्वास घेतला, तेवढा वेळ होता, कुणीही हात वर केला असता. तिचे हात मांड्यांवर पडून होते.

"हात वर कर!" शिवकन्या किंचाळली. "अंजू, सरक! सरक की गं!"

जन्मात पहिल्यांदा ती कुठल्या पोरीला हे सांगत होती. कुठून ऐकणार? दुसरा घाव डाव्या मनगटावर आणि मांडीवर पडला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

शिवकन्या धावली. गुडघा वीस वर्षांपूर्वी कामातून गेलेली बाई, पण ती धावली, आणि बालाजीच्या गळ्यावर कोपर घालून त्याला आडवा केला. दोघं खुर्चीवर पडले. त्यानं खुर्चीचा पाय ओढून तिच्या भुवईवर हाणला, तिच्या एका डोळ्यात लाल पडदा आला. तिनं त्याच्या मनगटाला दात लावले आणि सोडले नाहीत. तो ओरडत होता, "माझी बहीण हाय! माझी बहीण हाय!" मग पोरी आल्या. दोन्ही टीमच्या. काही मिनिटांपूर्वी एकमेकींची नाकं फोडणाऱ्या पोरी बालाजीवर तुटून पडल्या, बुटांनी, नखांनी, पाण्याच्या बाटल्यांनी. नाकात कापूस घातलेलीसुद्धा बेंचवरून उठून आली आणि त्याच्या कमरेत एक लाथ घालून परत जाऊन बसली. भार्गवी चष्मा सांभाळत "पुरे गं, मरंल तो" म्हणत होती, पण कुणाला ओढत मात्र नव्हती.

पोलिसांनी त्याला पोरींच्या खालून काढला, तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल राहिली होती.

*

दवाखान्यात शिवकन्येच्या भुवईला टाके पडले, अंजूच्या डोक्याला त्याहून पुष्कळ. मनगट मोडलेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या अंगाचे एक्स-रे फोटो काढायला लावले, आणि एक फोटो उजेडात धरून म्हणाल्या, "ही बरगडी आजची नाही. जुनी मोडलेली आहे. आपोआप जुळलीय. आणि पाठीवर, पायावर हे वळ वेगवेगळ्या दिवसांचे आहेत. हे कुणाचं?"

बालाजीकडं उत्तर तयार होतं. पोलिसांना तो म्हणाला, आज राग आला, माणूस आहे, भाऊ आहे, एकदा हात उचलला. पण जुनं जे काय असेल ते पीडी मॅडमचं. विचारा कुणालाही. रानातल्या बायकांना विचारा. पोरींनी स्वतःच मोबाईलवर टाकलेत व्हिडिओ, पोत्यांचे, ट्यूबचे.

आणि टाकले होतेच. खाली गाणं लावून.

बाहेरच्या व्हरांड्यात जगदेवप्पा येऊन बसले होते. त्यांनी शिवकन्येला शेजारी बसवून घेतलं. आवाज अगदी मऊ.

"डोळा कसा हाय?"

"हाय."

"मॅच दोघांना वाटून दिली म्हणं त्यांनी. अर्धा कप. चालतंय, मला अर्धा बी चालतंय. बेंगळुरूला मी पूर्णच सांगणार." ते थोडे थांबले. "आता हे बघ. भावानं एकदा मारलं, माफी मागंल, पोरगी घरी जाईल. लग्न मोडलंच हाय, ते एक बरं झालं म्हण. तुला इचारतील जुन्या वळांचं. तू म्हणायचं, मला म्हाईत न्हाई. बस्स."

"अन् ती घरी गेल्यावर?"

"घरीच जाईल न्हवं पोरगी? मग काय तुझ्याकडं येईल, पापड लाटायला?"

"अप्पा, तो मारून टाकंल तिला."

"अन् तू काय, ओवाळत होतीस व्हय गं?" जगदेवप्पा अजून मऊच बोलत होते. "शिवकन्या, मी तुझं भलं बघायलोय. तू त्याचं नाव घेतलंस की तो तुझं घेणार. दोघांची नावं एकाच कागदावर. मग कुठली नेमणूक अन् कुठलं काय. या वयात कुठं जाशील?"

हा प्रश्न त्यांनी खरंच काळजीनं विचारला होता. म्हणून तो जास्त लागला. शिवकन्या "बघते" म्हणाली. मनातून तिचं ठरत आलं होतं. मला म्हाईत न्हाई. खोटं तरी कुठं होतं ते? तिला खरोखरच माहीत नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं.

ती आत गेली. अंजू अर्धवट झोपेत होती. एका डोळ्याची पापणी सुजून बंद. चादर खाली घसरली होती. शिवकन्येनं ती वर ओढायला हात पुढं केला.

अंजूचा धड हात झटकन वर आला आणि तिनं डोकं झाकून घेतलं. डोळे बंदच. झोपेतच ती सगळी आक्रसली, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, खाटेच्या पार त्या टोकाला.

शिवकन्या हात तसाच हवेत धरून उभी राहिली. आज दुपारी कोर्टवर ज्याच्यासाठी ती ओरडली होती, ते पोरीनं आत्ता केलं होतं. तिच्यापासून.

तिनं हात पाठीमागं नेला आणि खाटेपासून दोन हात लांब स्टूल घेऊन बसली.

थोड्या वेळानं पीएसआय बाई आल्या, बरोबर लिहून घेणारी एक पोलीस पोरगी. बाईंनी अंजूला हलक्या हातानं जागं केलं, पाणी पाजलं, आणि विचारलं, "बाळ, पाठीवर, पायावर हे आधीचं जे आहे, ते कुणी मारलं?"

अंजूनं स्टुलाकडं बघितलं. सुजलेल्या ओठातून शब्द जाड येत होते.

"बालाजी अण्णानं. सगळं अण्णानं."

"मॅडम मारायच्या का?"

"मॅडमनं मला कधी हात लावला न्हाई. मॅडम देव हाईत माझ्या."

लिहिणारी पोरगी लिहीत होती. शिवकन्येच्या छातीत काहीतरी ऊन ऊन पसरत गेलं. एवढं गोड खोटं तिच्यासाठी आयुष्यात कुणी बोललं नव्हतं, ना आई, ना नवरा. गप्प बसायचं फक्त. म्हाईत न्हाई असंसुद्धा म्हणायला नको आता.

पीएसआय बाईंनी पेन थांबवायला सांगितलं. त्या अंजूशी नाही, शिवकन्येशी बोलल्या. "मॅडम, ते व्हिडिओ मी बघितलेत. त्याचा वकीलही बघेल. पोरगी एका जागी खोटी ठरली, की सगळीकडं खोटी ठरते. मग भाऊ एकदाच मारलेला गरीब माणूस, आणि हिचा ताबा घरच्यांकडं. मी काय करू, सांगा."

शिवकन्या उठली.

"पोरगी खोटं बोलायलीय."

"मॅडम!"

"पोटरीवरचे सगळे वळ माझे. ट्यूबचे. दोन्ही पायांचे. दंडावरचं निळं ते बी माझंच, परवाचं."

"मॅडम, गप बसा की हो! कामून बोलायलाव?" अंजू उठून बसायला लागली, सलाईनची नळी ताणली गेली. "नोकरी जाईल तुमची! येडं लागलंय का तुम्हाला?"

"पाठीवरचं माझं न्हाई. मी पाठीवर मारत न्हाई. पोत्याचं म्हणून मीच शाबासकी दिली होती, पण आता डॉक्टरीणबाईंनी दाखवलं, ते पट्ट्याचं हाय." तिनं स्वतःच्या बरगडीवर हात ठेवला. "बरगडी. बरगडीचं मला सांगता येत न्हाई. त्याची हाय की माझी."

ती पहिल्यांदा खाटेकडं वळली, पण जवळ गेली नाही.

"तुला म्हाईत हाय. सांग."

अंजूनं मान हलवली. नाही, नाही, नाही. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, टाक्यांमधून परत थोडं रक्त.

"सांग गं. त्या बरगडीची धनी मी असंन, तर मला कळू दे."

"पोत्यानं," अंजू म्हणाली.

पोलीस पोरीचं पेन पुन्हा चालू झालं.

"दिवाळीच्या आधी. उडाले तवा आत कडकन वाजलं. श्वास घेता येईना. पण तुम्ही म्हणलात, अंजू शाब्बास, आज खरी खेळाडू झालीस." ती आता हुंदके देत नव्हती. सरळ बोलत होती, जणू एक धागा हाती लागला होता आणि ओढला की सगळं येत होतं. "मग घरी पडून राहिले, तर अण्णा म्हणाला, नाटक करायलीस, अन् पाठीवर पट्टा. त्या दिवशी बकलानं. मानेपाशी हाय बघा, केसाखाली. अन् कान. ह्या कानानं मला कमी ऐकू येतंय, ते बी त्याचं. चुलीतलं लाकूड लावलं होतं, ते कमरंवर हाय. लिहा. बरगडी मॅडमची. बाकी अण्णाचं. लिहा, लिहा."

पोलीस पोरगी लिहीत गेली. पीएसआय बाई स्वतः खाली वाकून एकेक जागा बघत होत्या. शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती. बरगडी मोडल्यावर ही पोरगी दिवाळीनंतर आठ मॅच खेळली होती. आठही जिंकल्या होत्या.

सगळं संपल्यावर पीएसआय बाई म्हणाल्या, "तुमच्यावरही लिहावं लागतंय, मॅडम. चलावं लागेल."

"चला."

अंजूनं तोंड भिंतीकडं केलं होतं. शिवकन्या दारात थांबली, काहीतरी म्हणावं म्हणून. मग ती बाहेर पडली. व्हरांड्यातून जाताना जगदेवप्पा उठून उभे राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हाईत न्हाई म्हणलीस न्हवं?" तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी हातातला अर्धा पेढा तोंडात टाकला आणि मोबाईल कानाला लावला. कॉलेजच्या क्लार्कला ते सांगत होते, की उद्यापासून पीडीची जागा रिकामी आहे, जाहिरात काढा.

*

ठाण्यात तिला बाकावर बसवलं. समोर गजाआड बालाजी. डोक्याला पट्टी, मनगटाला तिच्या दातांची पट्टी, एक पाय अनवाणी. बाहेर संध्याकाळच्या अजानीबरोबर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती.

"मॅडम," बालाजी म्हणाला. आवाजात तीच जुनी गोडी, हात जोडून उभा असताना होती ती. "तुमी बी मारलं, मी बी मारलं. दोघांनी बी तिच्या भल्यासाठीच. मग मी आत कामून, अन् तुमी भाईर कामून?"

शिवकन्येच्या हाताची मूठ वळली. तिला वाटलं, उठावं, गजातून हात घालावा आणि याचं टाळकं लोखंडावर आपटावं. एकदा, दोनदा, दम लागेपर्यंत. ती उठलीही. दोन पावलं गेली. बालाजी मागं सरकला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. चटकन. याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ती थांबली, आणि परत बाकावर येऊन बसली. मूठ उघडायला वेळ लागला.

"मी बी येते आत," ती म्हणाली. "धीर धर."

बालाजी रडायला लागला. तो रडत होता ते उदगीरच्या स्थळासाठी, जीपसाठी, की बहिणीसाठी, ते त्याचं त्यालाच माहीत. तिनं त्याला गप्प केलं नाही.

पीएसआय बाई बाहेरून आल्या, टोपी टेबलावर टाकली, खुर्चीत बसून पाय लांब केले. "पोरगी घरी जायची नाही," त्या म्हणाल्या. "आई-वडील आले होते. तिनं तोंडावर सांगितलं, येत नाही. दवाखान्यातून सुटली की हॉस्टेलात. तुमच्या त्या चष्मेवाल्या पीडी बाईंनी सही केली, मी ठेवून घेते म्हणून."

"उजवा हात धड हाय न्हवं तिचा?"

"डावा मोडलाय."

"हं. शूट उजव्यानं मारती ती."

पीएसआय बाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. रागवावं की काय, त्यांचं ठरत नव्हतं. मग त्यांनी कागद पुढं सरकवला, बोटानं जागा दाखवली, आणि शिवकन्येनं आपलं नाव कानडीत लिहिलं. हुद्द्याच्या जागी ती अडली. ते रिकामं ठेवलं.

"तुमचा गुन्हा जामिनाचा आहे. आज सुटाल. पण कुणीतरी जामीन राहायला पाहिजे. कॉलेजचं कुणी येईल?"

"कॉलेजचं न्हाई येणार."

"घरचं?"

"आई म्हातारी हाय, हुमनाबादला. तिला कळवू नका."

"मग कुणाला फोन लावू?"

शिवकन्येनं भुवईवरच्या टाक्यांना बोट लावून बघितलं. टाके ठणकत होते.

"भार्गवीला लावा," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, तिला बी मी लई मारलंय. येती का न्हाई, बघा."